यंत्रमानवाची माया

पिठोरी अमावास्या जवळ आली की रायपूरच्या बाजारात मातीचे बैल मांडले जातात. छत्तीसगडी भाषेत त्यांना 'नांदिया बैल' म्हणतात. पायांना मातीची चाके आणि अंगावर रंगाचे ठिपके असतात. त्यांच्याच शेजारी मुलींसाठी मातीचे जाते आणि चूल-भांडी ठेवलेली असतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या प्रदेशात येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा सण परका वाटत नाही. आपण ज्याला पोळा म्हणतो, तोच येथला पोरा. त्या दिवशी खऱ्या बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत, आणि मातीच्या बैलालाही नैवेद्य दाखवतात. चार-पाच वर्षांचे मूल त्या बैलापुढे गवताची काडी धरते आणि तो ती कधी खाईल याची वाट पाहत बसते. घरातले कोणीही त्या मुलाला वेडे ठरवीत नाही.

मोठी माणसे मात्र चित्रपटातल्या लोखंडी माणसासाठी डोळे पुसू लागली की आपल्याला हसू येते. 2010 साली शंकर या दिग्दर्शकाचा 'एंदिरन' हा तमिळ चित्रपट आला. हिंदीत तो 'रोबोट' या नावाने गावोगाव पोहोचला. त्यातील चिट्टी नावाचा यंत्रमानव रजनीकांत यांनी रंगविला. (रजनीकांत मूळचे मराठी घरातले, हे मराठी प्रेक्षक अजूनही एकमेकांना अभिमानाने सांगतात.) चिट्टीला भावना देण्यात येतात; तो प्रेमात पडतो, बिघडतो, विध्वंस करतो आणि अखेरीस न्यायालयाच्या आज्ञेवरून स्वतःच्या हातांनी स्वतःचे अवयव एकेक करून सुटे करतो. त्या प्रसंगी प्रेक्षागृहात पसरणारी शांतता अनेकांना आठवत असेल. पत्र्याच्या माणसासाठी हे अश्रू कशाला, असा प्रश्न शहाण्यासुरत्या लोकांनी त्या वेळीही विचारला आणि आजही विचारतात.

या प्रश्नाचे उत्तर 'रोबोट' या शब्दातच दडलेले आहे, असे मला वाटते. कारेल चापेक या चेक लेखकाने 1920 साली लिहिलेल्या 'आर. यू. आर.' या नाटकातून हा शब्द जगभर गेला. तो सुचविला त्याच्या भावाने, चित्रकार योसेफ चापेक याने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगार. जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करावयाचे काम. म्हणजे यंत्रमानव साहित्यात आला तो वेठबिगार म्हणूनच. चापेकचे रोबोट लोखंडाचे नव्हते; ते कारखान्यात तयार केलेले, माणसांसारखेच दिसणारे कामकरी होते. त्यांना वेदना नाहीत, म्हणून त्यांच्याकडून कितीही काम घ्यावे, असे मालक मानत असत. ते बंड करतात आणि मनुष्यजात जवळजवळ संपते. शेवटी दोन रोबोट, एक तरुण आणि एक तरुणी, एकमेकांसाठी मरावयास तयार होतात, तेव्हा उरलेला एकुलता एक माणूस त्यांना जाऊ देतो.

म्हणून यंत्रमानवाच्या कथा मला भविष्यकाळाच्या कथा वाटत नाहीत. त्या घरात राबणाऱ्या माणसाच्या, त्याच्याशी आपण कसे वागतो याच्या कथा आहेत. सिंहासन बत्तिशीत सिंहासनाच्या पुतळ्या बोलू लागतात, त्या राजाची करमणूक करण्यासाठी नव्हे. या आसनावर बसण्याची तुझी योग्यता आहे काय, हे विचारण्यासाठी. भावना असलेला यंत्रमानव मालकाला असाच प्रश्न विचारीत असतो.

ही गोष्ट सर्वांत नेमकेपणाने सत्यजित राय यांनी ओळखली. त्यांची 'अनुकूल' नावाची एक बंगाली कथा आहे. एक गृहस्थ घरकामासाठी अनुकूल नावाचा यंत्रमानव भाड्याने आणतात. तो देणारी कंपनी दोन गोष्टी बजावून सांगते. त्याच्यावर हात उगारावयाचा नाही, आणि त्याला 'तुई' म्हणावयाचे नाही. बंगालीतील 'तुई' हा नोकराचाकरांसाठी सर्रास वापरला जाणारा एकेरी शब्द. मालक नियम पाळतात, परंतु त्यांचे काका पाळीत नाहीत आणि त्याचे फळ भोगतात. यंत्राचा मान राखावा म्हणून करार करावा लागला, ही कथेतील खरी बोचणी आहे. हाडामांसाच्या नोकराच्या बाबतीत तसा करार करावा, असे त्या घरात कोणाला सुचले नसते. आपल्याकडेही तू, तुम्ही आणि आपण या तीन पायऱ्या आहेत. कोणत्या पायरीवर कोणाला उभे करावयाचे, हे आपण विचार न करता ठरवून टाकतो.

मराठी विज्ञानकथेत यंत्रमानवाबद्दल मायेपेक्षा सावधपणा अधिक आढळतो. डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीचे नावच ते सांगते. हा सावधपणा चुकीचा नाही. परंतु वाचकाला यंत्राचा लळा लागणे, हाही मोठा अनुभव आहे, आणि तो आपल्या लेखकांनी अजून पुरता हाताळलेला नाही, अशी माझी तक्रार आहे.

या लळ्यावर एक जुना आक्षेप आहे. यंत्रावर माया करणारे मूल माणसांना पारखे होईल, अशी भीती आयझॅक आसिमॉव्ह यांच्या 1940 सालच्या 'रॉबी' या कथेतील आई बाळगते. आठ वर्षांच्या ग्लोरियाचा सवंगडी असलेला यंत्रमानव ती दूर पाठवून देते. त्याच्या जागी कुत्रा आणला जातो. पण मुलीचे दुःख कमी होत नाही. मला ही भीती पटत नाही. छत्तीसगडात अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीयेला मुले मातीच्या पुतरा-पुतरीचे लग्न लावतात. आपल्याकडे बाहुला-बाहुलीचे लावतात. त्यामुळे कोणतीही मुलगी संसाराला नालायक ठरल्याचे ऐकिवात नाही. जपानमध्ये सोनी कंपनीने 'आयबो' हा यांत्रिक कुत्रा 1999 साली विकावयास काढला, 2006 साली त्याचे उत्पादन थांबविले आणि 2014 साली दुरुस्तीही बंद केली. तेव्हा चिबा प्रांतातील एका बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या कुत्र्यांसाठी भिक्षूंनी मंत्र म्हटले. ते विकत घेणाऱ्यांत कितीतरी वृद्ध होते. त्यांना तो कुत्रा यंत्र आहे हे पक्के ठाऊक होते. त्याच्याबरोबर घालविलेली वर्षे मात्र यंत्राची नव्हती.

येथे एक भेद करणे मला आवश्यक वाटते. मातीचा बैल काही मागत नाही. चिट्टीही पडद्यावरून उतरून आपल्या खिशात हात घालीत नाही. आज मोबाईलमधून गोड बोलणारी यंत्रे आली आहेत, ती आपल्याला उत्तर देतात. 1966 साली जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा एक अगदी साधा संगणकीय कार्यक्रम तयार केला. तो लिहिणाऱ्याचेच शब्द फिरवून प्रश्न विचारीत असे. त्यांच्या सचिव महिलेने तो कसा बनला हे जवळून पाहिले होते. तरी त्याच्याशी संवाद करताना तिने वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जावयास सांगितले. मराठीत माया म्हणजे ममता, आणि माया म्हणजे भासही. कथेतील माया आपण जाणूनबुजून पत्करतो. विकत मिळणाऱ्या मायेच्या बाबतीत तिचे पैसे कोण घेतो, हे अगोदर पाहावे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी दूरदर्शन संचावर 'रोबोट' लागला होता. भांडी घासावयास येणाऱ्या मावशी शेवटचा प्रसंग पाहण्यासाठी दारात थांबल्या. आम्ही त्यांना मावशीच म्हणत असू. त्यांचा चहाचा कप मात्र खिडकीच्या कट्ट्यावर निराळा ठेवलेला असे. चिट्टीने स्वतःचा हात काढून ठेवला, तेव्हा आम्ही सारे गप्प झालो. मावशी हळूच म्हणाल्या, की बिचाऱ्याने सांगितलेले सगळे केले आणि शेवटी आपले हातपायही आपणच काढून दिले. चित्रपट संपेपर्यंत त्या चौकटीला टेकून उभ्याच होत्या. खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.