विरोधकाचे आसन रिकामे का?

वाचकहो, एकदा मत टाकले की नागरिकाने पाच वर्षे मुके राहावयाचे काय? २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात वकिलांपुढे भाषण करताना परमपूज्य बाबासाहेबांनी लोकशाहीच्या यशाच्या अटींत विरोधी पक्षाला स्थान दिले. सत्ताधाऱ्यांना सभागृहात नित्य जाब विचारणारा कोणी असलाच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

विरोधी पक्षनेत्याला वेतन देणारा कायदा आपल्याकडे १९७७ साली झाला. लोकसभेत सर्वाधिक सदस्य असलेल्या विरोधी पक्षाचा, अध्यक्षांनी मान्य केलेला नेता, अशी त्यात व्याख्या आहे. एकदशांश सदस्यांची अट त्यात कोठेही नाही! तरीही त्या जुन्या प्रथेपायी २०१४ साली ४४ आणि २०१९ साली ५२ सदस्य असलेल्या काँग्रेसच्या नेत्याला हे पद लाभले नाही. २०२४ पर्यंत आसन रिकामेच राहिले.

याचे फळ काय? २०१३ च्या कायद्यानुसार लोकपालाच्या निवडसमितीत विरोधी पक्षनेता असतो. असा नेता नाही, या सबबीवर नियुक्ती रखडली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती सबब अमान्य केली. तरी पहिला लोकपाल नेमला गेला तो मार्च २०१९ मध्ये!

लोकांनीच ज्यांना नाकारले, त्यांना पद कशाला, असे कोणी म्हणतील. लोकांनी त्यांना राज्य नाकारले. जाब विचारण्याचा अधिकार नाकारलेला नाही. संख्येने थोडे असणाऱ्यांनी तरी हे कधीही विसरू नये. म्हणून एकदशांशाची प्रथा कायद्यानेच रद्द करा, अशी मागणी मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे निर्भयपणे मांडा.