बंदी आहे, बचाव कुठे?

नोव्हेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या ड्राफ्टकिंग्ज या ऑनलाइन पैजा आणि कॅसिनो चालवणाऱ्या कंपनीच्या हजारो ग्राहकांच्या खात्यांत चोर शिरले. त्यांनी कंपनीची यंत्रणा फोडली नव्हती. दुसऱ्या संकेतस्थळांवरून चोरीला गेलेले पासवर्ड त्यांनी इथे एकापाठोपाठ एक लावून पाहिले आणि सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणाऱ्यांची खाती उघडली. मग खात्याला पैसे काढण्याचे नवे साधन जोडायचे, ते चालते हे दाखवण्यापुरते 5 डॉलर भरायचे आणि त्याच वाटेने सगळी शिल्लक काढून न्यायची. सरकारी वकिलांच्या म्हणण्यानुसार सुमारे 1,600 खात्यांतून सुमारे 6 लाख डॉलर असे गेले. कंपनीने नुकसान भरून देण्याचे जाहीर केले आणि या चोरीतल्या एका आरोपी तरुणाला 2024 मध्ये 18 महिन्यांची कैद झाली.

अशा चोऱ्या रोखायचे उपाय या धंद्याला चांगले ठाऊक आहेत. पासवर्डसोबत मोबाइलवरचा कोडही मागणे, अनोळखी फोनवरून कोणी खाते उघडले की मालकाला कळवणे, नवे बँक खाते जोडल्यावर काही काळ पैसे काढू न देणे, खातेदाराचे नाव ओळखपत्राशी जुळवून पाहणे. माणसाच्या जागी यंत्रच खेळत असेल किंवा काळा पैसा फिरवण्यासाठी कोणी खाते वापरत असेल, तर तेही व्यवहारांच्या चालीवरून ओळखता येते. तरीही सप्टेंबर 2023 मध्ये लास वेगासच्या एमजीएम रिसॉर्ट्समध्ये चोरांना वाट मिळाली ती मदतकक्षाला केलेल्या एका फोनवरून. कर्मचारी असल्याची बतावणी करून. त्या हल्ल्याने कंपनीला सुमारे 10 कोटी डॉलरचा फटका बसला.

पण कंपन्या ही सगळी खटपट ग्राहकाच्या प्रेमापोटी करत नाहीत. परवाना जाण्याची भीती त्यांना हे करायला लावते. ब्रिटनमध्ये ऑनलाइन जुगाराच्या परवानाधारकांना दरवर्षी त्रयस्थाकडून सुरक्षेची तपासणी करून घ्यावी लागते आणि तक्रार निवारणासाठी ग्राहकाला स्वतंत्र यंत्रणा उपलब्ध करून द्यावी लागते. फसलेल्या माणसाला कोणाच्या तरी दारात जाऊन जाब विचारता येतो.

आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. असे खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. या खेळांपायी उद्ध्वस्त झालेली घरे पाहता बंदीला आमचा पाठिंबाच आहे. मात्र बंदीने दुकान बंद झाले तरी गिऱ्हाइकाची सवय एका रात्रीत सुटत नाही. नियम पाळणारे बाजूला झाले की उरतात ते परदेशातून चालणारे, परवाना नसलेले अड्डे. सुरक्षेचे वर सांगितलेले उपाय तिथे असतील याची हमी कोणीच देत नाही आणि पुष्कळदा तो अड्डाच चोराचा असतो.

या फसवणुकीची रीत ठरलेली आहे. टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर लिंक येते, प्ले स्टोअरला वळसा घालून ॲप उतरवून घ्यायला सांगतात. पहिले पाचशे-हजार जिंकले की ते खरोखर खात्यात येतात, विश्वास बसतो. मोठी रक्कम काढायची वेळ आली की आधी ‘टॅक्स’ भरा, मग ‘प्रोसेसिंग फी’ भरा, असा तगादा सुरू होतो. दर वेळी पैसे पाठवायचा यूपीआय आयडी वेगळा, त्यावरचे नावही वेगळे. ती नावे बहुधा थोड्या कमिशनसाठी स्वतःचे बँक खाते वापरायला देणाऱ्या गरजू माणसांची असतात. महादेव या ऑनलाइन सट्ट्याच्या ॲपच्या प्रकरणातही दुसऱ्यांच्या नावावरच्या खात्यांतूनच पैसा फिरल्याचे तपासात पुढे आले.

भाड्याने दिलेली ही खाती या धंद्याची नस आहेत. महिनोन्महिने जेमतेम शिल्लक असलेल्या खात्यात एका दिवसात शेकडो अनोळखी माणसांचे पैसे येतात आणि काही मिनिटांत पुढे जातात, हे बँकेच्या संगणकाला दिसत नाही असे कोणी सांगू नये. लास वेगासचा कॅसिनो आपल्या टेबलावरची संशयास्पद चाल ओळखतो, तर आपल्या बँकांनाही ते जमले पाहिजे. रिझर्व्ह बँकेने याबाबत बँकांना जबाबदार धरावे.

दुसरी गोष्ट पोलिसांच्या हातातली आहे. नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याला सरकारनेच पीडित मानले आहे. ही गोष्ट फसलेल्यांपर्यंत पोचलेलीच नाही. आपणच गुन्ह्यात अडकू, घरी कळेल, या धास्तीने माणूस गप्प राहतो. कसाबसा ठाण्यात गेलाच तर ‘मुळात खेळायला गेलातच कशाला’ हे ऐकून परत फिरतो. गृहखात्याने राज्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्याला लेखी कळवावे की अशी तक्रार कोणतीही उलटतपासणी न करता तत्काळ नोंदवून घ्यायची आहे आणि तक्रारदारावर कारवाई होणार नाही, हे फलकावर मराठीत लावायचे आहे. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या 1930 या मदतक्रमांकावर पहिल्या काही तासांत खबर मिळाली, तर रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. आज ते तास भीतीत आणि लाजेत निघून जातात.