सावकाराचा परवाना आणि गावाचे तोंड

सावकारीचा परवाना ३१ मार्चला संपतो आणि मृग जूनमध्ये निघतो. सारी गोम या दोन तारखांत आहे. परवान्याच्या वेळी ज्या कुणब्याने तोंड उघडावे, तोच दोन महिन्यांनी बियाण्यासाठी त्याच सावकाराच्या ओट्यावर उभा राहणार! मग बोलणार कोण?

कायद्यांची वानवा आमच्या नांदेड-लातूरकडे कधीच नव्हती. निजामी अमलात १३४९ फसलीतही सावकारांसाठी कायदा झाला होता. हल्लीचा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ सालचा. त्याखाली ठरलेले व्याज शेतकऱ्यास तारणावर वर्षाला शेकडा ९ व विनातारण १२. लोहार-सुतारादि बिगरशेती ऋणकोंस १५ व १८. कोणी महिन्याला शेकडा ३ घेत असेल तर वर्षाचे ३६ झाले, हा हिशेब बोटांवर होतो.

अर्ज आला म्हणजे सहायक निबंधक चौकशी करतो. अर्जदाराने धंद्यात लबाडी केल्याचा पुरावा पुढे आला तर परवाना नाकारता येतो. पण कचेरी तालुक्याला आणि ऋणको खेड्यात. मुखेड-जळकोटकडच्या माणसाने मजुरी बुडवून तेथवर जावे, आणि परत येईतो बातमी सावकाराच्या घरी पोहोचलेली असावी! सबब अर्जदाराचे नाव चावडीवर लागावे व चौकशी गावातच, वह्या उघडून व्हावी, अशी आमची मागणी आहे.

मात्र तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. चालू परवाना रद्द करण्याचा अर्ज कोणतीही व्यक्ती करू शकते. ती ऋणकोच पाहिजे असे नाही! ज्याच्या डोक्यावर त्या सावकाराचा पैसा नाही, त्यानेच पुढे व्हावे. अनामत भरावी लागते, आणि तक्रार खोडसाळ ठरल्यास तीतून सावकारास भरपाई देववितात. म्हणून दहा घरांनी वर्गणी करावी, आणि पावत्या, खरेदीखताची नक्कल व साक्षीदार घेतल्यावाचून जाऊ नये. कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर १५ वर्षांच्या आतील व्यवहार तपासून ती परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकास आहे.

बिनपरवाना सावकारास तर ५ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण आजचा सावकार परका राहिलेला नाही. तो आपल्याच भावकीतला असतो, कधी खताचा दुकानदारही असतो. परक्या सावकाराला शिव्या देणारे आमचे पुढारी येथे मात्र भावकी म्हणून मूग गिळतात. त्यांना गावाने भर चावडीत विचारावे की, अर्जावर तुमची सही पहिली घालावी काय?