श्वासाचे यंत्र माळ्यावर का जाते?

आपल्याकडे घोरणाऱ्या माणसाची थट्टा होते, काळजी कोणी करीत नाही. लग्नघरी पाहुण्यांच्या गाद्या एका ओळीत पडल्या की रात्री कोणाचा 'ट्रॅक्टर' सुरू झाला होता, ही चर्चा दुसऱ्या दिवशीच्या चहाला पुरते. त्याच माणसाचा आवाज मध्येच बंद पडतो, दहा-वीस सेकंद सारे शांत असते आणि मग तो घुसमटल्यासारखा मोठ्याने श्वास ओढतो, हे मात्र बहुधा त्याच्या बायकोलाच ठाऊक असते. ती बिचारी अंधारात ते सेकंद मोजत पडलेली असते.

या विकाराला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेतील श्वासरोध म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट मिटते. रक्तातला प्राणवायू घटला की मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो, वाट उघडते, पुन्हा डोळा लागतो आणि पुन्हा तेच. तासाला ५ ते १५ वेळा असे होत असेल तर विकार सौम्य, १५ ते ३० वेळा मध्यम आणि त्याहून अधिक असेल तर तीव्र समजतात. रात्री आठ तास अंथरुणावर पडूनही हा माणूस सकाळी थकलेला उठतो, दुपारी कचेरीत पेंगतो आणि त्याचा रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही.

हे श्रीमंतांचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांपैकी साडेसात टक्क्यांना हा विकार लक्षणांसह असल्याचा अंदाज निघाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे निधन झाले, तेव्हा कारणांमध्ये या विकाराचे नाव आले आणि अनेकांनी ते प्रथमच वाचले.

उपचार आहे, आणि तो चांगला आहे. सीपॅप नावाचे लहानसे यंत्र खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नळीतून नाकावरच्या मास्कमध्ये सोडते. त्या दाबामुळे घशाची वाट मिटत नाही. यात ऑक्सिजनचे सिलिंडर नाही, औषध नाही, सवय जडणारे काही नाही. कोरोनानंतर नळी आणि मास्क दिसला की पाहुणे दबक्या आवाजात विचारतात, "ऑक्सिजनवर आहेत का?" म्हणून हे स्पष्ट सांगावे लागते.

असे असूनही कित्येक घरांत हे यंत्र महिनाभरात माळ्यावर जाते. हजारो रुपये मोजलेले असतात, नागपूरच्या दोन-तीन खेपा झालेल्या असतात आणि शेवटी पितळेच्या जुन्या भांड्यांशेजारी ती पिशवी धूळ खात पडते. दोष रुग्णाच्या आळसाला दिला जातो. माझे मत वेगळे आहे. यंत्र विकत घेणे म्हणजे उपचार सुरू होणे नव्हे. उपचार सुरू होतो तो पहिल्या पंधरा रात्रींत, आणि नेमक्या त्याच पंधरा रात्री आपण रुग्णाला एकटे सोडतो. यंत्र देणारा माणूस येतो, प्लग लावून दाखवतो, दहा मिनिटांत सही घेतो आणि परतीची गाडी पकडतो. त्या रात्री अकरा वाजता मास्कमधून हवा डोळ्यांत जाऊ लागली की विचारायचे कोणाला?

म्हणून पैसे मोजण्यापूर्वी थोडा हट्ट धरावा. झोपेची तपासणी झाल्याशिवाय यंत्र घेऊच नये. नुसते घोरणे ऐकून दाब ठरत नाही. काही ठिकाणी यंत्र आधी भाड्याने मिळते, तशी चौकशी करावी. मास्क दुकानात उभ्याने नव्हे, तर आडवे पडून, यंत्र चालू ठेवून बसवून पाहावा आणि तो न जमल्यास बदलून मिळेल का, हे विचारून ठेवावे. नाकावरचा, नाकपुड्यांखाली बसणारा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा असे प्रकार असतात. तोंडाने श्वास घेणाऱ्याला नाकावरचा मास्क दिला तर रात्रभर हवा तोंडावाटे निघून जाते आणि सकाळी घसा कोरडा ठणठणीत होतो. भरघोस मिशीवाल्यांना हवा गळण्याचा त्रास अधिक. मिशीवर वस्तरा फिरवण्याआधी मास्कचा प्रकार बदलून पाहावा!

पहिल्याच रात्री आठ तास लावायचे, असा पण करू नये. दिवसा टीव्ही पाहताना नुसता मास्क लावून बसावे. दुसऱ्या दिवशी यंत्र जोडून अर्धा तास बसावे. मग दुपारच्या झोपेला आणि त्यानंतर रात्री. हवेचा लोट सोसत नसेल तर बहुतेक यंत्रांत दाब हळूहळू वाढवण्याची सोय असते, ती लावून घ्यावी. हवा गळते म्हणून पट्टे आवळत जाणे ही सर्वांत मोठी चूक. त्याने नाकाच्या दांडीवर व्रण पडतो आणि गळणेही बहुधा थांबत नाही. झोपेत नकळत मास्क काढून फेकला, तर जाग आल्यावर तो पुन्हा लावावा. हे पुष्कळांचे होते. नाक चोंदणे, पोटात हवा भरणे, कान दुखणे यांवर उपाय आहेत, पण ते डॉक्टरांना विचारून.

आपल्या जिल्ह्यापुरते आणखी दोन शब्द. रात्री वीज गेली तर जीव गुदमरेल, ही भीती अनेकांना असते. मास्कला श्वास बाहेर जाण्याची भोके असतात, तोंडही झाकणाऱ्या मास्कला हवा आत येण्याची झडप असते आणि दाब थांबला की माणसाला सहसा जाग येते. मास्क काढावा, वीज आली की लावावा. घरी इन्व्हर्टर असल्यास पाणी तापवणारा भाग बंद ठेवून यंत्र बराच वेळ चालते. त्या भागात बोअरचे जड पाणी घालू नये. बादलीवर बसतो तोच पांढरा थर तिथेही बसतो. डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि उरलेले रोज सकाळी ओतून द्यावे. कापसाच्या हंगामात धूळ आणि तंतू इतके उडतात की जाळीदार फिल्टर लवकर काळवंडतो, तो पाहत राहावे.

या यंत्राबद्दल भलत्या आशाही लावू नयेत. आधीच हृदयविकार असलेल्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात यंत्रामुळे दिवसाची पेंग कमी झाली, पण हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. मात्र त्यातील लोक रात्री सरासरी तीन-साडेतीन तासच यंत्र लावत होते. तेव्हा रक्तदाबाची गोळी बंद करण्याची घाई नको. वजन, रात्रीची दारू आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी यांकडेही पाहावेच लागते.

हे यंत्र १९८० साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी प्रथम एका रुग्णाला लावले आणि पुढच्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांचा अनुभव छापला. तोवर तीव्र विकारावर गळ्याला भोक पाडणे हाच खात्रीचा इलाज होता. सुरुवातीच्या रुग्णांना तर मास्क रोज रात्री नाकाला चिकटवून घ्यावा लागे.

आता उरते ती व्यवस्था. नवीन यंत्रांत रोज किती तास वापर झाला, हवा किती गळली, श्वास किती वेळा अडला याची नोंद राहते. दुसऱ्या आठवड्यात ती नोंद पाहून दाब किंवा मास्क बदलला तर कितीतरी यंत्रे माळ्यावर जाण्यापासून वाचतील. एक पट्टा सैल करून घेण्यासाठी उमरखेडच्या म्हाताऱ्याने नागपूर का गाठावे? यवतमाळ, पुसद, वणी येथील छातीच्या आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आठवड्यातली एखादी दुपार यासाठी राखावी, आणि यंत्र विकणाऱ्याने पंधरा दिवस फोन उचलावा, एवढीच मागणी आहे.

ज्यांच्या हाती स्टिअरिंग आहे, त्यांच्यासाठी ही मागणी अधिक निकडीची आहे. वणीकडचे कोळशाचे ट्रक, पांढरकवड्यावरून हैदराबादकडे जाणारी रात्रीची वाहतूक; या चालकांना नोकरी जाईल या भीतीने दुपारची पेंग लपवावीशी वाटते. उपचार घेणारा चालक कामावर परतू शकतो, हे मालकांनी त्यांना आधी सांगावे. उपचाराविना पेंगणाऱ्याने मात्र गाडीला हात लावू नये.

शस्त्रक्रियेसाठी दाखल होण्याची वेळ आली तर आपले यंत्र सोबत न्यावे आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना विकाराची कल्पना आधीच द्यावी.