लेणं आणि देवी

"सकाळी तासभर विपश्यनेला बसतेस आणि चैत्रात एकवीरेची ओटी भरायला कार्ल्याला जातेस, हे कसं काय बुवा?" असं आमच्याकडे अधूनमधून कुणी ना कुणी विचारतंच. आत्या काळजीने विचारते, धाकटा दीर चेष्टेने. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

युरोप-अमेरिकेत स्वतःला 'पेगन' म्हणवणारी बरीच मंडळी आहेत. सूर्य, धरणी, ऋतू, जुन्या देवता यांची पूजा करतात, आणि त्यातले काही बौद्ध ध्यानही करतात. शब्दाचं मूळ गमतीचं आहे, लॅटिनमध्ये 'पॅगानस' म्हणजे खेडवळ. थोडक्यात, गावदेवीवाले! त्यांची परंपरा मध्येच तुटली, त्यामुळे पुष्कळसं पुस्तकांतून पुन्हा जुळवावं लागलं. आपल्याकडे ते सगळं जागच्या जागी आहे. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं, आणि त्याच्या अगदी तोंडाशी एकवीरेचं देऊळ. कोळी, आगरी, आम्ही सीकेपी, सगळे तिथे जातो. लेण्याद्रीला तर गिरिजात्मज गणपती बौद्ध विहारातच बसलाय.

पण शेजार म्हणजे मेळ नव्हे. 'सगळं एकच हो' असं म्हणून हात जोडणारे लोक मला पटत नाहीत. बुद्ध आणि एकवीरा एकच मुळीच नाहीत. देवीकडे आपण मागायला जातो, पोरंबाळं सुखरूप ठेव म्हणतो. ध्यानात मागायला समोर कुणी नसतंच, उलट मागणारं मन कसं तडफडतं ते बघत बसायचं असतं. गोएंका गुरुजींच्या दहा दिवसांच्या शिबिरात तर पूजा, जप, उपास सगळं तेवढ्या काळापुरतं बंद ठेवायला सांगतात. काहींना ते जाचक वाटतं. मला पटलं. दोन औषधं एकदम घेतली तर गुण कशाचा आला ते कळणार कसं?

मग जुन्या बौद्धांनी देवींचं काय केलं? मला याचं उत्तर अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात मिळालं. मुख्य गाभाऱ्याशेजारच्या छोट्या गाभाऱ्यात हारीती आणि तिचा नवरा पांचिक बसलेत. हारीती ही लहान मुलं खाणारी यक्षी. कथा अशी की बुद्धाने तिचं सर्वांत धाकटं पोर आपल्या भिक्षापात्राखाली लपवलं. ती वेडीपिशी होऊन शोधत आली, तेव्हा त्याने विचारलं, एक हरवलं तर तुझी ही गत, मग ज्यांची तू खाल्लीस त्यांचं काय? तिने मुलं खाणं सोडलं. पण मग मी खाऊ काय, हा तिचा प्रश्नही रास्तच होता. तर भिक्षूंनी तिला रोज नैवेद्य द्यायचं कबूल केलं. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूने मठांमध्ये तिची मूर्ती आणि तिच्यापुढे ठेवलेलं अन्न यांबद्दल लिहून ठेवलंय.

मला हा व्यवहार फार आवडतो. देवीला हाकललं नाही, पण आहे तशीही ठेवली नाही. तिला काही सोडावं लागलं आणि भिक्षूंना रोज ताट वाढावं लागलं. दिवाणखान्यात बुद्धाचं मुंडकं शोभेला ठेवतात त्यात कुणालाच काही सोडावं लागत नाही, म्हणून ते मला नुसतं सामान वाटतं. मी पंचशील मानते, तर माझ्याकडून देवीला कोंबडं-बकरं नाही. नवसही नाही. खणनारळ, ओटी, आणि तिच्यासमोर थोडा वेळ गप्प उभं राहणं. सासूबाईंना हे अपुरं वाटतं. वाटू दे. पोरीच्या वेळी नवस बोलले नाही म्हणून पोर आजारी पडलं की अजून माझ्याकडे बघतात, ते सोसावं लागतं.

आता एक गोष्ट जी आमच्या घरात कुणी बोलत नाही. मला हे दोन्ही करायला फारशी किंमत मोजावी लागत नाही. माझ्या एका मैत्रिणीचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात होते. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपती वगैरे देवांना मानणार नाही, बुद्ध विष्णूचा अवतार मानणार नाही, असं स्वच्छ आहे. आजोबांनी गावी परतून घरातले टाक नदीत सोडले. ज्या देवांच्या देवळात पाऊल टाकू दिलं नव्हतं, ते देव त्यांनी सोडले. अशा घरासमोर जाऊन मी 'दोन्ही करता येतं की' असं शहाणपण सांगणं शोभत नाही. माझी वाट माझ्यापुरती. तिच्या घरात नकार हीच साधना आहे, आणि ती माझ्यापेक्षा कडक आहे.

आम्ही दोघी कधीमधी कार्ल्याला बरोबर जातो. वर पोचलो की ती चैत्यात जाऊन स्तूपासमोर बसते, मी रांगेत लागते. रविवार असेल तर रांग मोठी असते, मग ती खाली उतरून चहा सांगून ठेवते.