वाय-फायला मोबाइल नंबरचा पासवर्ड नको

इंटरनेटचं कनेक्शन जोडायला आलेला मुलगा शेवटी विचारतो, “पासवर्ड काय ठेवू?” आणि कितीतरी घरांत उत्तर मिळतं, “माझा मोबाइल नंबरच ठेव.” लक्षात राहतो, पाहुण्यांना सांगायलाही सोपा. तुमच्या घरी असं असेल, तर कृपा करून तो आजच बदला.

फोन वाय-फायला जोडताना त्याच्यात आणि राउटरमध्ये हवेतून चार निरोपांची देवाणघेवाण होते. त्यात पासवर्ड उघडपणे जात नाही. पण आज बहुतेक घरांत असलेल्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षा-पद्धतीत ती देवाणघेवाण जिन्यात उभा असलेला माणूसही टिपून घेऊ शकतो. मग तो घरी बसून, तुमच्या राउटरच्या जवळही न येता, एकेक पासवर्ड ताडून पाहतो. आपले मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात ६ ते ९ पैकी एकाने. म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. आकडा प्रचंड वाटतो, पण चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो पासवर्ड तपासतं. त्याला हे काही तासांचं काम. आणि तुमचा नंबर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असेल, तर तेवढेही कष्ट नकोत.

त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. आरतीची ओळ किंवा मुलांची नावं नकोत.

“आमच्या वाय-फायवर आहे काय चोरण्यासारखं?” असं वाटत असेल, तर २६ जुलै २००८ आठवा. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी काही मिनिटं आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या वाय-फायवरून गेला होता. तपास आधी त्याच घराच्या दारात पोहोचला.

चांगला पासवर्ड ठेवला तरी काम संपत नाही, कारण कधी कधी पद्धतच कच्ची निघते. वेप नावाच्या पहिल्या पद्धतीचा पाया फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी २००१ मध्ये उघडा पाडला. २००७ मध्ये डार्मस्टाटच्या संशोधकांनी ती मिनिटाच्या आत फोडून दाखवली. २०१७ मध्ये बेल्जियमच्या लूवेन विद्यापीठातल्या मॅथी व्हॅनहूफ यांनी डब्ल्यूपीए-२ मधला दोष शोधला: त्या चार निरोपांतला तिसरा पुन्हा पाठवला की फोन वापरलेलीच किल्ली नव्याने वापरायला घेतो. इथे पासवर्ड बदलून काहीच उपयोग नव्हता. व्हॅनहूफ यांनी आधी कंपन्यांना कळवलं, मग दोष जाहीर केला. एवढ्या सचोटीने केलेलं काम तुमच्यापर्यंत पोहोचतं ते फोनवर ‘अपडेट’ची सूचना येते तेव्हा. ती ‘नंतर’ म्हणून ढकलू नका. राउटरचं अपडेट मात्र अनेकदा स्वतःच शोधावं लागतं.

राउटरच्या खाली चिकटवलेल्या कागदावर त्याच्या सेटिंगचा पत्ता असतो. त्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-३ ही नवी पद्धत दिसली तर ती निवडा. जुनी उपकरणं जोडली जात नसतील तर २ आणि ३ एकत्र. पासवर्ड तरीही लांबच हवा. पासवर्डऐवजी पिनने जोडायची डब्ल्यूपीएस ही सोय बंद करा: तिचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं आहे. आणि राउटरवर वेपशिवाय पर्यायच नसेल, तर इंटरनेटवाल्याकडे नवा राउटर मागा. तो “चालतोय की” म्हणाला तरी मागा.