वऱ्हाडच्या इतिहासातला गळका ऑइल कूलर

जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. रस्त्याचा विक्रम असा इतिहासात जमा झाला. त्याच वाटेने कापूस आणि सरकी वाहणाऱ्या जुन्या डिझेल ट्रकांना चालते ठेवणारे मिस्त्री मात्र इतिहासलेखनात क्वचितच भेटतात.

वऱ्हाडच्या वाहतुकीची कथा बहुधा १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेल्या रेल्वेपाशीच घुटमळते. ट्रकाचा उल्लेख आलाच, तर तो कारखान्याचा असतो: टेल्कोने १९५४ मध्ये डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रकनिर्मिती सुरू केली, १९६९ मध्ये ते सहकार्य संपले, मर्सिडीजची चांदणी गेली. हे सारे खरेच; पण ट्रक कारखान्यातून एकदाच बाहेर पडतो, गॅरेजात पुनःपुन्हा येतो. यंत्राचा अर्धा इतिहास दुरुस्तीचा असतो, आणि तोच गहाळ आहे.

गळक्या ऑइल कूलरचेच पाहावे. या भागात इंजिनाचे ऑइल पातळ नळ्यांतून वा पत्र्यांमधून फिरते आणि भोवतालचे पाणी त्याची उष्णता काढून घेते. आत चीर पडली की चालत्या इंजिनात ऑइलचा दाब पाण्याहून कितीतरी अधिक असल्याने ऑइल पाण्यात शिरते आणि रेडिएटरमध्ये तवंग दिसतो. इंजिन बंद होताच खेळ उलटतो: ऑइलचा दाब शून्यावर येतो, तापलेल्या पाण्याचा दाब मात्र टिकून राहतो आणि पाणी ऑइलमध्ये उतरते. ऑइल दुधाळ झाले की बेअरिंगचे आयुष्य मोजकेच. पण हेड गॅस्केट फाटले तरी लक्षणे अशीच असू शकतात. म्हणून जाणता मिस्त्री कूलर उतरवतो, एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हवा भरतो, तो पाण्याच्या टाकीत बुडवतो आणि बुडबुडे कोठून येतात ते पाहतो. सायकलच्या पंक्चरवाल्याची युक्तीच ही! गळती पॅकिंगमधून असेल तर नवे पॅकिंग पुरते. नळीलाच चीर असेल, तर शिशाचा साधा डाक उष्णता, दाब आणि हादरे यांपुढे फार काळ टिकत नाही. तेथे ब्रेझिंग हवे किंवा नवा कूलर. त्यानंतरही पाण्याचा मार्ग धुऊन काढावा लागतो आणि ऑइलने फुगलेले रबरी पाइप बदलावे लागतात.

या विद्येचे भाबडे गौरवीकरणही नको. कूलर वगळून ऑइल परस्पर फिरवण्याचा उपाय अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांच्या वैशाखात इंजिनाचा घात करू शकतो. त्याला कौशल्य म्हणणे म्हणजे इतिहासाशी अप्रामाणिकपणा होय. कोणता मिस्त्री कोठे थांबला, कोणता भाग त्याने भंगारात टाकला, हेही नोंदीत यावे.

२०२१ च्या भंगार धोरणानंतर जुनी वाहने रस्त्यावरून हटवण्याची दिशा ठरलेली आहे. धुराचा विचार करता ती योग्यच. मात्र ट्रकांसोबत हे हस्तज्ञानही मोडीत निघते आहे. मूर्तिजापूर, बडनेरा, अकोल्याच्या गॅरेजांत अजून अशी माणसे असतील, ज्यांनी हे काम वडिलांच्या वा उस्तादांच्या हाताखाली शिकले. त्यांच्या मुलाखती, अवजारांची छायाचित्रे, भागांची स्थानिक नावे आणि जुनी बिले गोळा करायला विद्यापीठाच्या मान्यतेची वाट पाहण्याचे कारण नाही.